माश्यांची खानावळ

आई गेल्यावर अमृताच्या बाबांनी दोन नवी कामं अंगावर घेतली. एक म्हणजे स्वतःचा चहा स्वतः करायचा. दुसरं म्हणजे रोज सकाळी, उन्हं परसात उतरायच्या आत, रानतुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या. चहात त्यांना अजून गती आली नव्हती. साखर कधी दोनदा पडे, कधी मुळीच पडत नसे. मंजिऱ्या खुडण्यात मात्र त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं.

अमृता तळेगावच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. शुक्रवारी कॉलेज सुटलं की ती कामशेतला उतरायची, वडापच्या जीपमध्ये स्वतःला कोंबून घ्यायची आणि पवनानगरच्या पुढे धरणाच्या कडेला असलेल्या घरी पोचायची ती दिवेलागणीला. शनिवारी सकाळी जाग आली की अंथरुणातूनच तिला बाबांची पावलं ऐकू यायची. धोंडिबा हे त्यांचं नाव गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण रेल्वेत ते चावीवाला म्हणूनच ओळखले जायचे. रूळ स्लीपरला आवळून धरणाऱ्या लोखंडी चाव्या पायी हिंडून बघायच्या, सैल झालेली हातोडा मारून बसवायची, हेच त्यांनी जन्मभर केलं. रिटायर होऊन वर्षं लोटली तरी चाल तीच होती. मान खाली, नजर आधी डावीकडे, मग उजवीकडे. काकडीच्या मांडवाला लागून रानतुळशीची ओळ होती. तीच आता त्यांची लाइन झाली होती. एका बाजूनं जायचं, दुसऱ्या बाजूनं यायचं, आणि जिथं म्हणून जांभळट तुरा डोकं वर काढील तिथं चिमटीत धरून खुडायचा.

"उठली का गं अमू? चा ठिवलाय."

चहात मंजिऱ्या असायच्या. खुडलेलं टाकवत नाही म्हणून बाबा त्या सुपात वाळवायचे आणि येईल त्याला चहातून पाजायचे. लवंगेसारखा तिखटसर वास घरभर भरलेला असायचा. त्यांच्या बोटांना, टॉवेलला, भिंतीवरच्या आईच्या फोटोला वाहिलेल्या पाकळ्यांनासुद्धा.

ही ओळ आईची. शालननं कधीकाळी तिकोन्याच्या उतारावरून सरपणाच्या भाऱ्याबरोबर एक रोप उपटून आणलं होतं. शेजारच्या मुक्ताबाईंनी तेव्हा कमरेवर हात ठेवून विचारलं होतं, "काय गं शालन, तुमच्यात तर तुळशीला कुनी हात जोडत न्हाई. मंग ही कशाला?" आईनं रोपाभोवतीची माती दाबता दाबता सांगितलं, "तुजी तुळस पूजेला, मुक्ताबाई. माजी माश्यास्नी जेवायला." तेव्हापासून ती ओळ म्हणजे माश्यांची खानावळ. रानतुळशीला तुरे आले की सातेरी मधमाश्या यायच्या, डासाएवढ्या काळ्या पोयाच्या माश्या यायच्या, पोटावर निळे पट्टे असलेल्या एकट्या-दुकट्या माश्या यायच्या. आणि खानावळीत आलेलं गिऱ्हाईक जाता जाता शेजारच्या दुकानात डोकावतं, तशा त्या काकडीच्या फुलांवर चक्कर मारून जायच्या. आईच्या काकड्या सरळ आणि भरदार असायच्या. धरणाकाठी तंबू लावणारे कॅम्पवाले त्या आधीच सांगून ठेवायचे.

फाल्गुनात आईला तळेगावच्या दवाखान्यात ठेवलं. चैत्रात ती गेली. तिला पोचवून सगळे घरी परतले तेव्हा परसाकडे बघायला कुणी शुद्धीवर नव्हतं. बाबांचं लक्ष गेलं तोवर अर्ध्याहून जास्त ओळ वाळून काड्या झाली होती. उरलेल्या झाडांना त्यांनी बादल्याच्या बादल्या पाणी घातलं, आळी केली, शेणखत घातलं, आणि मग मुक्ताबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

"तुमची तुळस इतकी वर्सं कशी ऱ्हाती, वैनी?"

मुक्ताबाईंना आपल्या वृंदावनाचा फार अभिमान. त्या म्हणाल्या, "मंजिरी धरली का तुळस थकती, भाऊ. बी पिकलं का संपलं तिचं. मी एक तुरा ऱ्हाऊ देत न्हाई."

झालं. त्या दिवसापासून बाबांनीही एक तुरा राहू दिला नाही.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मुक्ताबाईंचा मुलगा कैलास क्रेट घेऊन आला. धरणाच्या काठावर त्याचा कॅम्प होता. मांडवाखालच्या टोपलीत त्यानं हात घातला, एक काकडी बाहेर काढून उन्हात धरली, दुसरी काढली, तिसरी काढली.

"आबा, मी काकड्या सांगितल्या व्हत्या. तुमी इळं काढून ठिवलं!"

खरंच, एकेक काकडी विळ्यासारखी वाकली होती. देठाशी फुगलेली, टोकाला शेपटीसारखी बारीक.

"पोटात गेल्यावर सरळ व्हती," बाबा म्हणाले.

"माज्या पोटात व्हईल हो. पुन्याची मंडळी आधी फोटो काढत्यात, मंग खात्यात."

"मंग फोटो वाकडा काढा म्हनावं."

कैलास हसला. "बी बोगस निगालं का, ताई?" त्यानं अमृताला विचारलं. "शालनमावशीच्या टायमाला तर..." तो मध्येच थांबला आणि उगाच क्रेट इकडचं तिकडं केलं. मग चांगल्यातल्या वाकड्या निवडून घेऊन गेला.

तो गेल्यावर अमृता मांडवात शिरली. पिवळी फुलं भरपूर होती. मादीफुलांच्या मागे करंगळीएवढ्या काकड्या धरलेल्या होत्या, पण बऱ्याच पिवळ्या पडून बोट लावताच गळत होत्या. काहीतरी कमी होतं आणि काय ते तिला चटकन उमगेना. मग कळलं. मांडव गप्प होता. पूर्वी इथं शिरताना आई तिला मागे ओढायची, "थांब, त्यास्नी जाऊ दे," म्हणायची. कानाशी सारखी गुणगुण असायची. आता एक मुंगळा तेवढा वेलीवरून चालला होता. मांडवापलीकडे बाबांची ओळ हिरवीगार उभी होती, एकाही फुलाशिवाय.

जेवताना तिनं जपून विषय काढला.

"बाबा, काही तुरे ठेवले तर माश्या परत येतील. काकडीला माशीच लागते."

बाबांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. "ठाव हाय मला."

"ठाऊक आहे?"

"मंग? इतकी वर्सं काय डोळं मिटून बसलो व्हतो? माश्या येत न्हाईत ते मलाबी दिसतंय."

"मग खुडता कशाला?"

"काकडी काय, दर साली लावता येती. वाकडी झाली तर झाली." त्यांनी घास गिळला, पाणी प्यायलं. "ती झाडं तुज्या आईनं लावल्याली हायत. तेवडीच ऱ्हायलीत. मी हाय तोवर एकबी जाऊ देनार न्हाई."

अमृताला वाटलं होतं, त्यांना माहीत नसेल; सांगितलं की सुटेल. माहीत असलेल्या माणसाला काय सांगायचं?

दुपारी बाबा लवंडल्यावर ती ओळीजवळ जाऊन बसली. खोडं बुडाशी राखाडी आणि लाकडासारखी झाली होती, काहींच्या साली सुटल्या होत्या. रानतुळस वर्षानुवर्षं जगते, पण किती वर्षं? तीन, चार, फार तर पाच. खुडल्यानं मरण लांबतं, टळत नाही. आई दरवर्षी नवी रोपं तयार करायची म्हणूनच ओळ कायम दिसायची. मग बी कुठंतरी असणार.

तिनं फळीवरचे आईचे डबे खाली घेतले. राखेत घोळलेलं काकडीचं बी होतं, भोपळ्याचं होतं, घेवड्याचं होतं. तुळशीचं नव्हतं. ती कुंपणापाशी गेली. मुक्ताबाई पलीकडे बसून भुईमुगाच्या शेंगा तोडत होत्या.

"मावशी, आई रानतुळशीचं बी कशात ठेवायची?"

"बी? कशाला ठिवतिया? मार्गशीर्षात वाळल्याल्या मंजिऱ्या जाग्यावरच हातानं चोळून टाकायची. पावसाळ्यात पोरं आपली आपुन उगवायची, बोटभर झाली का ती लायनीत लावायची."

"मग गेल्या वर्षी नाही टाकल्या?"

"टाकल्या की. दुखनं काढून बसली व्हती तरी टाकल्या." मुक्ताबाईंनी घराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "पावसात उगवलीबी. पन तुज्या बापानं खुरपं घिऊन असं साफ केलं बाय, गवताची काडी ठिवली न्हाई. रुळावानी. पोरंबी गेली गवतासंगं. मी दुसऱ्या दिशी बगितलं."

"तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"काय सांगू? मानसाचं ध्यान कुटं जाग्यावर व्हतं? तुजी आई जाऊन महिना-दोन महिनं झालं असत्याल." त्यांनी शेंगांवरची माती झटकली. "तूबी सांगू नगंस."

अमृतानं मान हलवली. बाबांनी रेल्वेत असताना रुळाकाठच्या खडीत गवत उगवू दिलं नव्हतं. आईच्या झाडांसाठीही त्यांनी तेच केलं, जिवापाड केलं. हे त्यांना कधीच कळता कामा नये, एवढं तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. पण मग उरलं काय? ही मोजकी म्हातारी झाडं. ह्यांना यंदा बी धरू दिलं नाही, तर एक-दोन वर्षांत आईची रानतुळस सरली. ह्या गोष्टीला मात्र वेळ नव्हता.

त्या रविवारी ती तशीच परतली. आठवडाभर पुस्तकांच्या मांडणीत हिंडताना मनात वाक्यं जुळवत राहिली. एकही वाक्य बाबांना सांगण्यासारखं जुळलं नाही.

पुढच्या शनिवारी बाबा तिला घेऊन मांडवात गेले. कैलासनं मोबाइलवर काहीतरी दाखवलं होतं. नरफूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मादीफुलावर हातानं टेकवायचं.

"आता माशीचं काम आपुनच करू," ते म्हणाले.

रुळाच्या चाव्या ठोकलेली ती जाड बोटं. पहिलं फूल चुरगळलं. दुसरं देठापासून तुटलं. तिसऱ्यावर नेम धरताना चष्मा घसरून मादीफुलावरच पडला.

"बाबा, जरा हळू."

"हळूच करतुया. हिचंच तोंड लहान हाय."

"माशी एवढी चिडत नसेल."

"माशीला चष्मा न्हाई!" बाबा म्हणाले आणि दोघांनाही हसू फुटलं. आई गेल्यानंतर दोघं एकत्र असे पहिल्यांदाच हसले असतील. हसू ओसरल्यावर बाबा हातातल्या चोळामोळा झालेल्या फुलाकडे बघत म्हणाले, "हे मानसाचं काम न्हवं," आणि न्हाणीमागचं गवत काढायला म्हणून खुरपं घेऊन निघून गेले.

थोड्या वेळानं त्यांची हाक आली. हाक कसली, दबका आवाज. "अमू, हिकडं ये. पाय वाजवू नगंस."

न्हाणीच्या मागं, सांडपाणी जातं तिथं भिंतीच्या आडोशाला एक रानतुळस वाढली होती. कुणी लावली नव्हती, कुणी पाहिली नव्हती. कमरेच्या वर गेली होती आणि नखशिखान्त तुऱ्यांनी भरली होती. त्या तुऱ्यांवर माश्या होत्या. सातेरीच्या पिवळसर, पोयाच्या काळ्या कणांसारख्या. एक निळ्या पट्ट्यांची माशी ह्या तुऱ्यावरून त्या तुऱ्यावर उडी घेत होती. सगळं झुडूप बारीक थरथरत होतं. मांडवात हरवलेला आवाज इथं होता.

बाबांचा हात सवयीनं पुढं गेला होता. अंगठा आणि बोट जुळलेलं. तो हात तुऱ्यापासून वीतभर अंतरावर थांबला होता.

"आता ह्यास्नी जेवत्यालं उठवायचं कसं?" ते पुटपुटले.

अमृताला हसू आलं. जेवणाऱ्याला ताटावरून उठवायचं नाही, हा आईचा घरातला एकमेव कडक कायदा. भांडण कितीही पेटलेलं असो, समोरचा हात धुईपर्यंत शब्द काढायचा नाही. एकदा भर पावसात दरड आली म्हणून बाबांना बोलवायला रेल्वेचा माणूस धावत आला, तर त्यालाही तिनं ओसरीवर बसवून पाण्याचा तांब्या दिला होता. "जेवतायत. गाडी थांबंल."

बाबांनी हात मागं घेतला. "सांजच्याला जात्याल घरी. तवा खुडू?"

"उद्या परत येतील, बाबा. जेवायला कुठं जायचं त्यांनी?"

अमृतानं ठरवून ठेवलेली सगळी वाक्यं सोडून दिली.

"आईनं बी कुठंच ठेवलेलं नाही. मी सगळे डबे पाहिले. ओळीतली झाडं आता थकलीत. खुडलं तरी जातील, नाही खुडलं तरी जातील. पण बी धरलं तर पुढच्या पावसात रोपं येतील. नाही धरलं तर आईची तुळस इथं संपली."

बाबांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच शंका होती, "ती रोपं तिच्या हातची म्हनायची?"

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला. "तिच्या न्हाई तर काय माज्या? मी असलं रानातलं झाड हातानं लावीन व्हय!"

"तुमी कवापासनं ऐकताय, वैनी?"

"तुमी बोलताच एवड्या मोठ्यानं!"

"आवो, तुमीच सांगितलं खुडायला!"

"माज्या एका तुळशीचं सांगितलं, भाऊ. तुमी सारी खानावळच बंद केली! शालन असती तर तुमाला उपाशी ठिवलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अमृताला पावलं ऐकू आली. ती उठून दारात आली. बाबा ओळीतून चालले होते, तेच, डावीकडे बघत, उजवीकडे बघत. दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत गच्च धरलेले होते.

दिवाळीनंतर ओळ फुलली. मांडव पुन्हा बोलू लागला. कार्तिक सरता सरता काकड्या सरळ झाल्या, कैलास क्रेट भरताना म्हणाला, "आबा, पोरी वळनावर आल्या की!" आणि बाबांनी त्याला मंजिऱ्यांशिवायचा चहा दिला. साखर दोनदा पडली होती.

जे व्हायचं होतं तेही झालं. थंडीत झाडं एकेक करून वाळली. आठवड्याच्या मधेच बाबा फोन करायचे. "त्या कडंची गेली." दोन आठवड्यांनी, "मधलीबी." अमृता ऐकून घ्यायची. सांत्वन केलेलं त्यांना चालत नसे. मार्गशीर्षातल्या एका शनिवारी दोघांनी वाळलेले तुरे तळहातांवर चोळले. मोहरीहूनही बारीक, काळं बी मातीत पडलं. मग बाबांनी खुरपं माळ्यावर टाकून दिलं. "हितं आता मीबी पाय ठेवनार न्हाई."

ज्येष्ठ संपताना तिला तातडीचा निरोप आला. पिशव्या घेऊन ये. परसात पाऊल टाकते न टाकते तोच बाबा ओरडले, "तितंच थांब!" ओळ होती तिथं, वाटेत, न्हाणीच्या कडेला, पायरीच्या फटीतसुद्धा बोटाच्या पेराएवढी रोपं दाटीवाटीनं उगवली होती. विरळणी केल्याशिवाय ती जगणार नव्हती. बाबांना ते कळत होतं, आणि एकही उपटून टाकवत नव्हतं. म्हणून कैलासच्या कॅम्पवर फेकलेले चहाचे कागदी कप धुऊन आणून, प्रत्येकात एक रोप लावून त्यांनी ओसरीभर मांडले होते. मुक्ताबाईंना दिली होती. कैलासला कॅम्पच्या कुंपणालगत लावायला लावली होती. वडापवाल्यालाही सोडलं नव्हतं.

"ही तुज्या सोसायटीला," ते म्हणाले. "आन् ही तुज्या कॉलेजाला. उन्हात लाव. पानी बेतानं घाल."

परतीच्या जीपमध्ये अमृता दोन पिशव्या मांडीवर घेऊन बसली. खड्डा आला की रोपं हलायची आणि गाडीत लवंगेसारखा वास पसरायचा. शेजारची बाई वाकून बघू लागली.

"तुळस व्हय?"

"रानतुळस. हवी का?"

"द्या की एक." बाईनं कप हातात घेऊन पान चुरगळून वास घेतला. "मंजिऱ्या आल्या का खुडायच्या ना?"

"नाही. येऊ द्यायच्या. माश्या जेवतात."

"आन् मंग लवकर मरती त्याचं काय?"

"मरते," अमृता म्हणाली. "पण तोवर तिची एवढी पोरं होतात की आपल्याला पाय ठेवायला जागा राहत नाही."

बाईनं आपल्या पिशवीचं तोंड उघडून पुढं केलं.

"मंग दोन द्या."